जोडीदाराची चिठ्ठी

लावणीची तीन खाचरं राहिली होती आणि भवानीला धड बसवत नव्हतं. पहाटे उठून मोरीत गेलं की मिरची लागल्यासारखी आग व्हायची. दिवसभर चिखलात वाकून उभं राहायचं, आणि साडीचा ओला काठ मांडीला घासला तरी जीव कळवळायचा. पंधरा दिवस तिने जिरं भिजवून पाणी प्यायलं, शहाळी प्यायली. उन्हाळी लागली असेल, म्हणाली. मग कपड्यावर पिवळे डाग पडायला लागले तशी ती घाबरली.

गाव तिरुवैयारूपासून सहा-सात किलोमीटरवर, कालव्याच्या अगदी शेपटाला. घर तंजावूरकडच्या जुन्या मराठ्यांचं, माणसं तीन. भवानी, तिचे सासरे वरुणराव, आणि रोज बसने तंजावूरच्या कॉलेजात जाणारी लेक रम्या. नवरा प्रतापसिंह सहा वर्षांपूर्वी बांधावरच छातीत कळ येऊन गेला. तेव्हापासून अडीच एकर भात भवानी एकटी करत आली होती. चाळिशी उलटली होती, पण अंगाने काटक. नांगराच्या ट्रॅक्टरवाल्याशी भांडायची, खताच्या गोणीला स्वतः हात लावायची. एका गोष्टीपुढे मात्र तिचं काही चालत नसे, आणि ती म्हणजे पाणी. कालव्याचं शटर उघडायचं की पाडायचं हे लस्कर ठरवायचा. तो सरकारी पगारी माणूस. नाव कृष्णस्वामी.

पाण्याची पाळी मागायला म्हणून ती त्याच्याकडे जाऊ लागली, आणि दोन वर्षांपूर्वी कधीतरी त्याचं दुसरंच होऊन बसलं. गाव जेवून आडवं झालं की शेतातल्या मोटारखोलीत तो यायचा. भवानीने काही मागितलं नव्हतं आणि त्याने काही कबूल केलं नव्हतं. पाठीवर कुणाचा तरी हात पडत होता, इतकंच.

त्याची बायको अंजलै. लावणीच्या बायकांची टोळी तिची. भवानीच्या खाचरांत बारा वर्षं लावणी तिच्याच हाताची होती. ती भवानीला अक्का म्हणे.

सोमवारी भवानी तिरुवैयारूच्या सरकारी दवाखान्यात गेली. घरी सांगितलं, डोळे दाखवायला जाते. बाई डॉक्टरनी पडद्यामागे तपासलं, रक्त काढून घेतलं, आणि राखी रंगाचं एक पाकीट फोडून दोन गोळ्या आपल्यासमोरच गिळायला लावल्या. मग शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथे हरिता नावाची तिशीतली मुलगी बसली होती. टेबलावर रजिस्टर होतं, त्यात नुसते नंबर.

"रक्तात मोठं काही निघालं नाही," हरिता म्हणाली. "हा आजार गोळ्यांनी जातो. पण आठवडाभर कुणाजवळ जायचं नाही. आणि जे तुमच्याजवळ येतात त्यांनीही औषध घ्यायला हवं. नाहीतर तुम्हाला परत होईल."

"नवरा नाही मला."

"मी नाव विचारलेलं नाही, अम्मा." तिने एक लहानशी चिठ्ठी पुढे सरकवली. तिच्यावर भवानीचा नंबर होता, दवाखान्याची वेळ होती, बाकी काही नाही. "ही त्यांना द्या. ते आले की आम्हाला कळेल. त्यांना घरी बायको असली तर तिनेही यायला हवं. तिला तर लवकर. बायकांत हे आत चढतं, पोट धरतं."

भवानीच्या डोळ्यांपुढे अंजलै आली. परवाच ती वाकताना मध्येच थांबून ओटीपोट दाबत होती.

"ते यायचे नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही माझ्याजवळच दोन पाकिटं द्या. मी देते नेऊन."

"देता येत नाही. डॉक्टरनी ज्याला पाहिलं नाही त्याचं औषध तुमच्या हातात कसं देणार? नियम आहे तसा."

"मग तुम्ही बोलावून घ्या त्यांना."

"तेही नाही. तुम्ही इथे आलात हे आमच्या तोंडून बाहेर जाता कामा नये. त्यांच्या बायकोलाही आम्ही फोन करू शकत नाही. तिच्याच जिवावरचं असलं तरी." हरिताने पेन खाली ठेवलं. "सांगायचं तर तुम्हीच."

भवानीने चिठ्ठीची घडी घालून कमरेच्या पिशवीत खोचली आणि बसला उभी राहिली. बस भरलेली होती. वाटभर तो कागद तिला टोचत राहिला.

कृष्णस्वामी शटरपाशी मोपेड लावून विडी ओढत होता. कालवा भरून वाहत होता. भवानीने आजूबाजूला पाहिलं आणि चिठ्ठी त्याच्या हातात दिली. काय ते चार शब्दांत सांगितलं.

त्याने चिठ्ठी वाचली आणि परत तिच्या अंगावर टाकली. "मला काही नाही. मी वैशाखातच गोळ्या घेतल्या तंजावूरला."

भवानीने पायाशी पडलेल्या चिठ्ठीकडे पाहिलं. "म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"थोडी जळजळ होती. गेली."

"आणि मला सांगितलं नाहीस? अंजलैला?"

"तिचं नाव तोंडात घेऊ नकोस." तो उठून उभा राहिला. "आणि हे बघ, कागद तुझ्या नंबरचा आहे. उद्या गावात निघालं तर लोक विचारतील, विधवा बाईला हे कुठून आलं. मी सांगेन, मला काय माहीत. तीन खाचरं बाकी आहेत ना तुझी? पाणी हवंय की नको?"

भवानीने चिठ्ठी उचलली. तो वर उभा राहून बघत होता.

मंगळवार-बुधवार टोळी वरच्या खाचरात होती. बायका ओळीने वाकून मागे मागे सरकत, डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताने चार-चार काड्या चिखलात खोचत. अंजलैचं बोट सुईसारखं चालायचं. पण बुधवारी ती सारखी उभी राहत होती. कपाळावर घाम, ओठ पांढरे.

"काय गं?" भवानीने विचारलं.

"पोटात कुणी पिळतंय असं होतं, अक्का. ताप पण आहे वाटतं. गावच्या नर्सबाईने दुखायची गोळी दिलीय."

"मोठ्या दवाखान्यात जा की."

"लावणी टाकून? आधी तुझं उरकू दे."

त्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही, आणि सकाळी तिच्या मनात ते आलं.

जोडीदाराच्या चिठ्ठीखेरीज डॉक्टरने औषध लिहिलेला वेगळा कागदही तिच्याजवळ होता. त्याच्यावर गोळ्यांची नावं होती. तिने टाउन बसने तंजावूर गाठलं, स्टँडामागच्या एका मेडिकलमध्ये कागद पुढे केला. दुकानदाराने कागद उलटा-सुलटा पाहिला.

"यावर गोळ्या दिल्याचा शिक्का आहे, अम्मा."

"उलटून पडल्या. परत घ्यायला सांगितलंय."

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग गिऱ्हाइकांच्या रांगेकडे, आणि दोन गोळ्या कागदात गुंडाळून दिल्या.

दुपारी तिने खलबत्त्यात त्या कुटल्या. वरुणराव ओसरीवर आडवे होते. आवाज ऐकून म्हणाले, "काय कुटतेस गं?"

"हिंग, मामंजी. ताकाला."

टोळीला रोज तीनच्या सुमाराला ताक जायचं. भवानीने कळशी भरली, आणि एक पितळेचा पेला वेगळा, आधीच भरलेला, वर ताटली झाकून हातात धरला. औषधच आहे, विष नाही, असं ती चालताना पुन्हा पुन्हा म्हणत होती. बरी होईल. कुणाला काही कळणार नाही. लावणी पुरी होईल, पाणी येत राहील.

बायका बांधावर बसल्या. भवानीने कळशी त्यांच्यात ठेवली आणि पेला अंजलैला दिला. "तुझ्यात हिंग जास्त घातलाय. पोटाला बरं."

अंजलैने पेला गुडघ्यावर टेकवला. शेजारची म्हातारी म्हणाली, "हिंगाने काय होतंय? सुई टोचून घे म्हणावं."

"नको गं बाई सुई!" अंजलै हसली. "धाकट्याच्या वेळी टोचली होती एक. घटका झाली नाही तो तोंड हे एवढं सुजलं. घशात कुणी बोळा कोंबलाय असं. जीवच जायचा होता. डॉक्टर म्हणाला, बाई, तुला एका जातीचं औषध चालत नाही, गोळी असो की सुई. कुठेही गेलीस तर आधी हे सांग. कागदावर लिहून दिलं होतं त्याने. पुरात गेला तो कागद."

आणि तिने पेला तोंडाशी नेला.

भवानीने झेप घालून तो हाणला. ताक अंजलैच्या छातीवर सांडलं, पेला घरंगळत पाटात गेला.

"अगं!"

"पाल," भवानी म्हणाली. धाप लागली होती. "पाल पडली होती त्यात. मला आत्ता आठवलं. मघाशी झाकण उघडं होतं."

बायका खदखदून हसल्या. म्हातारी म्हणाली, "पाल पडली तर बाई एवढी पांढरी पडते होय!" अंजलै पदर पिळत हसत होती. "बघा, अक्काचा जीव कसा आहे माझ्यावर."

भवानी पाटात उतरली आणि पेला चिखलाने घासत राहिली.

आता मात्र गप्प राहण्याला जागा उरली नव्हती. पोटदुखीसाठी म्हणून नुसतं दवाखान्यात नेऊन सोडावं, तर तिथे तिला औषध मिळालं असतं आणि हातात तसलीच चिठ्ठी मिळाली असती. ती घेऊन अंजलै घरी गेली असती. कृष्णस्वामीने तीच चिठ्ठी तिच्या तोंडावर मारून विचारलं असतं, हे तू कुठून आणलंस? तो बरा होता. कागद ज्याच्या हातात, तोंड त्याचं काळं. भवानीने हे शटरपाशी पाहिलं होतं.

शुक्रवारी सकाळी तिने टोळीला सुटी दिली, आणि अंजलैला म्हणाली, "चल, मी येते बरोबर." अंजलै तापाने फणफणली होती. नाही म्हणायचं त्राण तिच्यात नव्हतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात लोखंडी बाक होता. हरिताने आतून एकदा पाहिलं आणि ओळख दाखवली नाही. अंजलैच्या हातात बत्तीस नंबर होता. आत अठ्ठावीस चालू होता.

"अंजलै," भवानी म्हणाली. "आत गेलीस की आधी सुजण्याचं सांग. औषध लिहायच्या आधी."

"सांगते."

"आणि त्या विचारतील, नवऱ्याला काही त्रास आहे का. होता म्हणून सांग. वैशाखात. त्याने गुपचूप गोळ्या घेतल्या."

अंजलैने मान वळवली. "तुला कसं ठाऊक?"

एकोणतीस नंबर आत गेला. भवानीने आपल्या दोन्ही हातांचे तळवे मांडीवर उघडे ठेवले. नखांत चिखल होता, तो निघत नाही.

"मला पण तेच झालंय. सोमवारी मी इथेच बसले होते. त्याच्याकडून आलं मला."

आतून कुणाचं तरी पोर रडत होतं. अंजलै बाकावर वीतभर पलीकडे सरकली. तापाने तिचा श्वास जोरात चालला होता.

"किती दिवस?"

"दोन वर्षं."

"दोन वर्षं," अंजलै म्हणाली. "दोन लावण्या. दोन्ही वेळा मी तुझ्या चुलीपाशी बसून जेवले."

"होय."

"कालच्या ताकात काय होतं?"

भवानीला वाटलं, खोटं बोलावं. "औषध. तुझं सुजण्याचं मला माहीत नव्हतं."

अंजलै उठली. तिने हात उचलला तेव्हा व्हरांड्यातली माणसं बघू लागली. हात तसाच वर राहिला, मग तिने तो भिंतीला टेकवला, कारण तिला उभं राहवत नव्हतं. भवानी आधाराला उठली.

"शिवू नकोस मला."

बत्तीस नंबर पुकारला. अंजलै भिंत धरून आत गेली.

ती अर्ध्या तासाने बाहेर आली. हातात औषधाची पिशवी होती आणि तिच्यात राखी नव्हे, दुसऱ्याच रंगाचं पाकीट. भवानीच्या समोरून ती सरळ स्टँडकडे गेली आणि पहिल्या बसमध्ये चढली. भवानी दुसऱ्या बसने आली.

शनिवारी कुणी आलं नाही. उपटून ठेवलेल्या रोपांच्या मुठी बांधावर रचलेल्या होत्या. उन्हं वर आली तशी त्यांची टोकं पिवळी पडायला लागली. भवानीने टोळीतल्या दोघींच्या घरी जाऊन विचारलं. एक म्हणाली, अंजलै नाही तर आम्ही कशा येऊ? दुसरीने दारच उघडलं नाही. त्यांना काही ठाऊक होतं की नव्हतं, ते त्यांच्या तोंडावरून कळेना.

दुपारपासून पाट आटला. शटर पाडलेलं होतं.

"मी जातो," वरुणराव म्हणाले. भवानी नको नको म्हणत असताना त्यांनी धुतलेला अंगरखा घातला, काठी घेतली आणि कालव्याकडे गेले. दोन तासांनी परत आले. ओसरीवर बसले, पायातली वहाणही काढली नाही.

"त्याने मला उन्हात उभं ठेवलं," ते म्हणाले. "खाटेवरून उठला नाही. म्हणतो, वरच्या लोकांचं भागलं तर बघू. माझ्या बापाच्या काळात या माणसाचा आजा आमच्या अंगणात..." ते थांबले. "जाऊ दे ते. तू त्याच्याशी भांडलीस का काही?"

"होय."

"कशावरून?"

भवानी पाण्याचा तांब्या घेऊन तिथेच उभी राहिली. वरुणरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग अंगणाकडे पाहिलं, आणि तांब्या घेतला. पुन्हा त्यांनी ते विचारलं नाही.

रविवारी रम्या घरी होती. तिने सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरली. आईच्या मराठीला ती तमिळमध्ये उत्तर द्यायची, पण त्या दिवशी फार बोललीच नाही. वीज आली तेवढा वेळ विहिरीची मोटर चालवून त्यांनी खाचर जेमतेम ओलं केलं. दोघी मिळून संध्याकाळपर्यंत खाचराचा एक कोपरा लावून झाला. ओळी सापासारख्या गेल्या होत्या. रम्याच्या बोटांना फोड आले. भवानीची कंबर वळेना, खालची आग कमी झाली होती तरी आत कुठेतरी चैन नव्हतं. ती दर थोड्या वेळाने उभी राहून रस्त्याकडे बघत होती.

"आई, अंजलै अक्का का येत नाहीत?"

"मी तिचं वाईट केलंय."

"मग माफी माग ना."

भवानीने पुढची मूठ सोडली आणि वाकली.

मंगळवारी सकाळी पाटात आवाज झाला. आधी नुसता कचरा सरकला, मग गढूळ पाणी बोटभर, मग घोटाभर. भवानी बांधावर धावली. कालव्याच्या वाटेने सहा बायका येत होत्या, डोक्याला टॉवेल बांधून, आणि पुढे अंजलै. चेहरा उतरलेला होता, पण पाय नीट पडत होते. ती थेट खाचरात उतरली, रविवारी लावलेल्या वाकड्या ओळींकडे तिने पाहिलं, आणि एक शब्द न बोलता त्या उपटून परत लावायला लागली.

भवानी काठावर उभी राहिली. उतरावं की नाही तिला समजेना.

तासाभराने बायका पान खायला बसल्या. अंजलै बसली नाही. ती पाटात हात धुवायला आली, भवानीपासून चार हातांवर. बोलली ती पाण्याकडे बघत.

"काल नेलं त्याला दवाखान्यात. म्हटलं, येत नसलास तर तुझ्या साहेबाच्या ऑफिसात जाऊन ओरडते. त्या मुलीने त्याला दार लावून आत घेतलं. काय बोलली, मला सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, त्यांचं ते त्यांनाच विचारा. गोळ्या समोर गिळायला लावल्या." तिने मनगटं चोळली. "शटर आज मी उघडायला लावलं. तुझ्यासाठी नाही. रोप मी लावलंय, ते माझ्या डोळ्यांदेखत वाळायला नको."

"अंजलै..."

"माझ्या घरी यायचं नाही. मी तुझ्या चुलीपाशी येणार नाही. ताक आणायचं झालं तर रम्याच्या हाती पाठव. बायकांना मी काही सांगितलेलं नाही, माझ्या पोरांचं नाव जाईल म्हणून." ती उठली. "मला पुन्हा बोलावलंय दवाखान्यात. तुला?"

"मला पण. येत्या सोमवारी."

"माझं पण सोमवारीच आहे," अंजलै म्हणाली. थोडं थांबून तिने पदर कमरेला खोचला. "मी सकाळच्या बसने जाईन. तुम्ही दुपारच्या बसने जा, भवानीअम्मा."

बारा वर्षांत तिने भवानीला असं कधी पुकारलं नव्हतं. तसं गावातले मजूर पुकारायचे.

बायका उठल्या, ओळ धरून वाकल्या. ओळीच्या टोकाला एका माणसाची जागा रिकामी होती, कारण म्हातारी आज आली नव्हती. अंजलैने तिकडे पाहिलं, मग काठावर उभ्या भवानीकडे पाहिलं, आणि एक मूठ त्या रिकाम्या जागेत चिखलात फेकली. भवानीने साडी खोचली आणि उतरली. पाणी गार होतं. अंजलै पलीकडच्या टोकाहून ओरडली, "सरका मागे," आणि सगळ्याजणी सरकल्या.